वानरांच्या शेपट्या आणि गोदावरीचा उगम

सोमवार, रात्री. नाशिक.

रिक्षा 120. मिसळ 110, पापड वेगळा. चहा दोनदा 30. खोली 900. गाडी सव्वा तास उशिरा. खोलीतला पंखा खडखडतो. तक्रार केली तर पोऱ्या म्हणाला, "सवय होते साहेब." झोपतो.

मंगळवार. त्र्यंबकेश्वर.

जीप 60, चहा 20 (पाक होता, चहा कसला), काठी 30, जेवण 140. जीप भरेपर्यंत चाळीस मिनिटं उन्हात.

इथे येण्याचं कारण लिहायचं राहिलं होतं. काळ्या तोंडाच्या वानरांवर काम करणारे प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रुणवाल यांनी या वानरांच्या शेपट्यांची विभागणी मांडली. उत्तरेकडचं वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळवतं, दक्षिणेकडचं मागे झुकवतं. या दोहोंमधली सीमा तापी-गोदावरीची. गोदावरी उगम पावते ती इथल्या ब्रह्मगिरीत, म्हणजे सीमेचं एक टोक या डोंगरात. तापी मात्र राहिली दूर उत्तरेला. मधल्या या डोंगराळ पट्ट्यातल्या वानराने शेपटी कुणीकडे वळवावी?

ब्रह्मगिरीच्या कोरीव पायऱ्यांनी गुडघा बोलायला लागला. कड्यावर वानरांचं टोळकं होतं, पण सगळी बसलेली आणि शेपट्या सरळ खाली लोंबलेल्या. बसलेल्या वानरावरून काहीच कळत नाही, हे कुणी आधी सांगायला हवं होतं. तासाभराने एक नर उठून चालला. शेपटीचं टोक पुढे, डोक्याकडे. माझ्यामागे उभे असलेले पुण्याचे काका म्हणाले, "छे, मागेच होती." काकांना चष्मा होता, मलाही आहे. एका वानरावरून नकाशा ठरत नाही, एवढंच खरं.

एक पिल्लू मात्र नीट पाहिलं. अंग काळपट, तोंड गुलाबीसर. आई पाला ओरबाडत होती आणि पिल्लू दुसऱ्या मादीच्या मांडीवर. तिने ते तिसरीकडे दिलं. पिल्लू किरकिरलं, तिसरीने पाय धरून ओढलं, तेव्हा कुठे आई आली.

बुधवार. अंजनेरी.

जीप 40, काकडी 20, लिंबू सरबत 20, परत काकडी 20. पहिली माझ्या पोटात गेली नाही.

हनुमानाचं जन्मस्थान अंजनेरी की कर्नाटकातलं किष्किंधा, यावर 2022 साली नाशिकला धर्मसभा भरली होती आणि ती गोंधळात संपली. पायऱ्यांवरच्या लाल तोंडाच्या माकडांना त्याचं सोयरसुतक नाही. शेपूट अंगापेक्षा लांब, डोक्यावर केसांचा भांग पाडलेला. बॉनेट मकाक, अस्सल दक्षिणी, भारताबाहेर कुठे नाही.

काकडीवाल्या मावशींपाशी बराच वेळ बसलो. टोपलीवर ओलं फडकं, मांडीवर गलोल, पण दगड घातलेला दिसला नाही. "नुसती दावायची असते," त्या म्हणाल्या. "काळतोंड्यांचा तरास नाही दादा. ते पाल्याचं जनावर. हे लालतोंडे पिशवीची चेन उघडत्यात." बोलता बोलताच एकाने माझी काकडी पळवली. मावशी हसल्या आणि मीठ लावून दुसरी कापली. वीस रुपये घेतलेच.

चोर चार हात लांब बसून फोडी गालात कोंबत होता. दोन्ही गाल फुगले, मान खाली. पोटात काहीच नाही, सगळं गालाच्या पिशवीत. मग धोका टळला असं वाटल्यावर हाताच्या पाठीने गाल बाहेरून आत ढकलत एकेक फोड दातांखाली घेऊ लागला. वानराला अशी पिशवी नसते. त्याचं पोटच कप्प्याकप्प्यांचं, आत पाला आंबवतो, गायीसारखा. म्हणून एक जण झाडावर निवांत आणि दुसरा आपल्या पिशवीमागे.

गुरुवार. नाशिक.

गुडघ्याने सुट्टी घेतली. पंखा खडखडतोच आहे. वाचत पडलो.

नद्यांनी माकडं विभागण्याची कल्पना जुनी. आल्फ्रेड वॉलेसने 1852 साली लंडनमध्ये अॅमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला होता. नदी ओलांडली की जात बदलते, हे त्याने तिथे पाहिलं होतं. त्या जंगलातली टॅमरिन ही अर्ध्या किलोच्या आसपासची माकडं. नखांऐवजी नख्या, बहुधा जुळी पिल्लं, आणि ती पाठीवर वाहतो मुख्यतः बाप, मदतीला टोळीतले इतर. ब्रह्मगिरीच्या नराने पिल्लाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वर्गीकरणाचा घोळ मात्र दोन्हीकडे सारखा. टॅमरिनचा एक गट 2016 मध्ये फोडून वेगळ्या प्रजातीत (जीनस) टाकला. आपल्या वानरांची तर एकेकाळी एकच जात धरत, आता सात-आठ. तिचं 'एंटेलस' हे लॅटिन नाव 1797 चं, व्हर्जिलच्या काव्यातल्या म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्यावरून. रामायणातलं नाव सुचलं नाही नाव ठेवणाऱ्या गड्याला.

शुक्रवार. दिंडोरी रस्ता.

जीप उशिरा. हे आता लिहीत नाही.

द्राक्षबागेच्या कडेला एक बागायतदार भाऊ भेटले. घडांना वर्तमानपत्र गुंडाळण्याचं काम चाललं होतं. म्हणाले, "आमच्याकडे लांब शेपटाची होती. आता ही आखूड शेपटाची दिसतात, टेम्पोतून सोडलेली." कुणी सोडली, माहीत नाही. पण उत्तरेकडची आखूड शेपटीची मकाकं खाली सरकताहेत आणि बॉनेटची जागा घेताहेत, हे अभ्यासकही नोंदवतात. पकडलेली माकडं दूर नेऊन सोडणं हे त्याचं एक कारण. तापी असो की गोदावरी, टेम्पोला पूल असतो. बांधावर एक बसलेलं होतं, शेपूट वीतभर, पाठीमागचा भाग नारिंगी. भाऊंनी फटाका लावला, ते दहा पावलं गेलं आणि परत घडांकडे बघायला लागलं.

भाऊंनी किलोभर द्राक्षं बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. उद्या वणी. तिथल्या सप्तशृंगी गडावर 2018 पासून ट्रॉली आहे, चढायचा प्रश्न नाही. भाऊंचं म्हणणं, माकडं पाहायची तर पायऱ्यांनीच जा.