आम्लात टिकतो, आतड्यात उघडतो!

सध्या कुणीही भेटलं की मी मायक्रोएन्कॅप्सुलेशनबद्दल, म्हणजे एखादी गोष्ट सूक्ष्म कवचात कोंडण्याबद्दल, बोलायला लागते. माझी भाची फूड टेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं मला हा प्रकार दाखवला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीच.

टेबलावर दोन बीकर होते. एकात सोडियम अल्जिनेटचं चिकट द्रावण. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून निघतं. एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञानं त्याचं पेटंट घेतलं ते 1881 साली. त्या द्रावणात भाचीनं लॅक्टोबॅसिलस जिवाणू कालवले होते, म्हणून ते दुधट दिसत होतं. दुसऱ्या बीकरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं नितळ पाणी. तिनं सिरिंज भरली आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबला. सुईच्या टोकाला थेंब फुगला, लोंबला, सुटला, आणि पाण्यात पडता पडताच त्याचा गोल मणी झाला! मग दुसरा, तिसरा, आणि बघता बघता तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा थर. "मावशी, चिमटीत धरून बघ ना," ती म्हणाली. धरला. लिबलिबीत, पण फुटेना. आणि त्या एवढ्याशा मण्यात लाखो जिवाणू, सगळे जिवंत!

अल्जिनेटच्या लांब साखळ्या पाण्यात मोकळ्या तरंगत असतात. कॅल्शियम भेटला की तो दोन साखळ्यांच्या मध्ये बसतो आणि त्यांना जखडतो. अशी हजारो ठिकाणी गाठ पडली की जाळं तयार. उष्णता नाही, जहाल रसायन नाही. म्हणूनच आतल्या जिवाणूंना धक्का लागत नाही.

खरी गंमत पुढे होती. प्रोबायोटिक जिवाणू आपण गिळतो तेव्हा ते आधी जठरात पडतात. तिथला पीएच रिकाम्या पोटी दीड ते तीनच्या घरात, म्हणजे चांगलंच आम्ल. त्यातून वाचले तर पुढे पित्त आहे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे प्रोबायोटिक पदार्थाच्या दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पण ही मोजणी पाकिटातली. आतड्यापर्यंत किती पोचतात, हा प्रश्न वेगळाच आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा.

भाचीनं काही मणी पीएच 2 च्या आम्लात टाकले. किंचित आक्रसले, बस्स. गोल ते गोल. मग तेच मणी गाळून तिनं आतड्यासारख्या पीएचच्या फॉस्फेट द्रावणात सोडले आणि मी बीकरला नाक लावून बसले. मणी फुगायला लागले. कडा पुसट झाल्या. नितळ पाण्यात दुधट धागे सुटले आणि थोड्या वेळानं मणी नाहीतच, सगळं पाणी गढूळ! आम्लात अल्जिनेट विरघळत नाही, आवळून बसतं. आम्ल ओसरलं आणि फॉस्फेटनं कॅल्शियम ओढून घेतला की जाळं सुटतं. म्हणजे कुठे उघडायचं हे मण्याला कुणी सांगावं लागत नाही, भोवतालचं पाणीच ते ठरवतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

नुसत्या अल्जिनेटचं जाळं सच्छिद्र असतं, आम्ल थोडं थोडं झिरपतंच. त्यावर उपाय म्हणून मण्यावर कायटोसानचा थर देतात. ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, त्यावर धन भार असतो, अल्जिनेटवर ऋण. दोघं आपसूक चिकटतात. शिवाय एवढाले मणी दह्यात घातले तर दाताखाली येणार. खाण्यात वापरायचे मणी म्हणून कितीतरी बारीक करावे लागतात, जिभेला कळणारही नाहीत इतके.

घरी येऊन वाचत सुटले. ही कल्पना अन्नातून आलेलीच नाही! अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी 1950 च्या दशकात जिलेटिन आणि डिंकाच्या सूक्ष्म कुप्यांत शाई बनवणारं द्रव्य कोंडलं. पेनाचा दाब पडला की कुप्या फुटायच्या आणि खालच्या कागदावर अक्षर उमटायचं. कार्बन पेपरशिवाय प्रत! आज माशाचं तेल, त्यातलं ओमेगा-3 वास न येता पावात जातं, ते अशाच कवचांमुळे.

पण मला सगळ्यात भिडलं ते मीठ. आयोडीनयुक्त मिठात लोहही घालता आलं तर किती मोठं काम होईल! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अडचण अशी की लोह आणि आयोडीन एकत्र नांदत नाहीत. दमट हवेत त्यांची प्रक्रिया होते, आयोडीन उडून जातं, मिठाचा रंग बिघडतो. टोरांटो विद्यापीठातल्या लेव्हेंटे डिओसाडी यांच्या गटानं लोहाच्या क्षाराचे मिठाच्या खड्याएवढे कण केले आणि त्यांना पांढरं कवच दिलं. मिठात मिसळले की ओळखू येत नाहीत, आयोडीनला शिवत नाहीत, आणि लोह पोटात गेल्यावरच मोकळं होतं. जेवण बदलायला नको, गोळी लक्षात ठेवायला नको. गरीब घरातही मीठ असतंच. एका कवचानं केवढं साधतं!

शाळा-कॉलेजातल्या विज्ञानशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. खाद्य दर्जाचं सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइड सहज मिळतं. जिवाणू नकोत, बीटाचा रस घालून मणी करा. ते आधी व्हिनेगरमध्ये आणि मग सोडियम सायट्रेटच्या पाण्यात टाका, आणि मुलांना शेवटपर्यंत जवळून बघू द्या.