स्कूटरला देवी येतात

भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं. माणसांपुरतं ते खरं असेल. आमच्या स्कूटरला मात्र गेल्या महिन्यात आल्या. अंगभर, चंदेरी!

झालं असं की, सोसायटीने फाटक रंगवायला काढलं. रंगाऱ्याने कॉम्प्रेसर आणला आणि फवाऱ्याने तासाभरात फाटक चंदेरी करून टाकलं. वारा होता. फाटकावर न बसलेला रंग उडाला तो थेट अण्णांच्या चेतकवर जाऊन बसला.

ही चेतक म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नंबर लावून सात वर्षं वाट पाहिली, तेव्हा १९८३ साली घरी आली. तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन पोरगं शाळेत जातं. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे. स्कूटर चालवत नाहीत, पण सकाळी गॅलरीतून तिच्याकडे एकदा बघितल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

मी खाली जाऊन हात फिरवला. जाडा रवा सांडल्यासारखं अंग खरखरीत लागलं.

"थिनर लावा हो, क्षणात निघेल!" दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले. निघालं, अगदी क्षणात. फडक्यावर आधी चंदेरी आलं आणि मागोमाग हिरवंही आलं. मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिकला लावलं तर त्याला मोतीबिंदू झाला. फाटकाचा रंग कुठला आणि अण्णांचा कुठला, हे तारतम्य थिनरला नसतं.

शेवटी गॅरेजमधल्या पोराने तारलं. "काका, उडालेला रंग वाटेतच अर्धामुर्धा वाळतो. आत शिरत नाही, वर नुसता बसतो. त्याला विरघळवायचा नाही, उचलायचा." असं म्हणून त्याने माझ्या हातावर मातीसारखा एक मऊ गोळा ठेवला. त्याला म्हणे क्ले बार म्हणतात. गाडी सावलीत धुवायची, साबणाचं पाणी भरपूर शिंपडायचं आणि गोळा अलगद फिरवायचा. तो मळला की पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा. चिकटलेला एक खडा सगळ्या रंगावर रेघा ओढतो. रबराच्या कडांना टर्पेंटाईनचं जरासं ओलं फडकं आणि लगेच साबणपाणी. शेवटी मेणाचं पॉलिश.

दोन दिवस मी पाटावर बसून गोळा फिरवत होतो. शेजारी खुर्ची टाकून अण्णा मुकादमासारखे बसले होते. खरखर जाऊन पत्रा काचेसारखा लागायला लागला. डाव्या बाजूला खाली मात्र एक ठिपका काही केल्या निघेना. निरखून पाहिलं. तो चंदेरी नव्हता, हिरवाच होता, पण जरा वेगळा. खाली छोटासा पोचा होता.

मला घाम फुटला. १९८९ साली मी अण्णांना न विचारता स्कूटर काढली आणि ओट्याला घासली. घरी सांगितलं, उभ्या गाडीला ट्रक चाटून गेला. रात्री गुपचूप डबीतला रंगही लावला होता.

"तो राहू दे," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "तो फाटकाचा नाही. तुझ्या ट्रकचा आहे."

मी मान खाली घालून गोळा मळायला लागलो.

"आणि चहा सांग दोन कप," अण्णा म्हणाले.