पाण्याखालची बाराखडी

मनुष्य जन्मास येतो आणि श्वास घेऊ लागतो. हे काम त्याला कोणी शिकवीत नाही आणि त्याची परीक्षाही कोणी घेत नाही. म्हणून साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थास कोणी म्हटले, "आज आपण श्वास कसा घ्यावा ते शिकू," तर त्यांना हसूच येईल. परंतु समुद्राच्या पोटात उतरण्याचे जे शिक्षण असते, त्याचा पहिला धडा हाच होय. आणि उतारवयात हे शिक्षण घेऊ पाहणाऱ्यास हाच धडा सर्वांत अवघड जातो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांचे पाण्याशी नाते जुने आहे. ठाणे हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. कल्याणच्या खाडीकाठी, दुर्गाडी किल्ल्याच्या परिसरात, शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली. पुढे 1664 साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास आरंभ झाला. तथापि आज या गावांतील बहुतेक माणसे पाणी पाहतात ती मासुंदा तलावाच्या कठड्याशी उभी राहून, नाहीतर ठाणे-कळव्याच्या दरम्यान गाडी खाडीवरून जाताना खिडकीतून. 1853 साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, 1854 साली रूळ कल्याणपर्यंत पोहोचले, आणि हळूहळू या गावांचे आयुष्य घड्याळाच्या काट्याला बांधले गेले.

अशा गावातील एक निवृत्त गृहस्थ डोळ्यांपुढे आणावे. पस्तीस वर्षे त्यांनी डोंबिवलीहून मुंबईस जाऊन नोकरी केली. गाडी पुरती थांबण्यापूर्वी डब्यात शिरणे, तिघांच्या बाकावर चौथे होऊन टेकणे आणि स्थानक येताच फलाटावर उडी टाकणे, या विद्येत ते पारंगत झाले. घाई हा त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु घाई केल्यावाचून त्यांचा निभाव लागत नव्हता. आता मुले मिळवती झाली आहेत, सकाळची गाडी गाठावयाची नाही, आणि मनात एक जुनी इच्छा डोके वर काढते : ज्या समुद्राची गाज लहानपणापासून ऐकली, त्याच्या आत एकदा पाहावे.

घरातील मंडळी म्हणतात, "या वयात हे कशाला?" हा प्रश्न अगदीच अनाठायी नाही. पाण्याखाली उतरणाऱ्याचे हृदय, फुप्फुसे आणि कान निकोप असावे लागतात; म्हणून वय वाढलेल्या माणसाने आधी वैद्यांकडून आपली तपासणी करून घेणे आवश्यक असते. परंतु प्रकृती धड असेल, तर केवळ वयाची अडचण नसते. अमेरिकेतील बिल लँबर्ट हे गृहस्थ वयाच्या 98व्या वर्षी ही विद्या शिकले आणि 2020 साली, शंभरी गाठल्यावर, पुन्हा पाण्यात उतरले. त्यांच्यापुढे साठीचा विद्यार्थी म्हणजे पोरच म्हणावयाचा.

आधी पोहता आले पाहिजे. साधारणपणे 200 मीटर न थांबता पोहणे आणि 10 मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे, एवढी तयारी नवशिक्याकडून अपेक्षित असते. ही तयारी आपल्या गावच्या तरणतलावात करता येते. तेथे सात-आठ वर्षांची मुले माशांसारखी सुळकन् पलीकडे जातात आणि आजोबांच्या वयाचा मनुष्य कडेचा गज धरून पाय मारीत असतो. त्या मुलांच्या देखत गज सोडण्यास जे धैर्य लागते, ते काही लहान नव्हे.

पुढचे शिक्षण कोकणात. ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळला उतरले, की तेथून मालवणची वाट धरता येते. मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने ही विद्या शिकविणारी संस्था उभारली आहे. या विद्येस 'स्कूबा' असे म्हणतात. पाठीवर हवेची टाकी घ्यावयाची, तिच्यापासून निघालेल्या नळीचे टोक दातांत धरावयाचे आणि तोंडानेच श्वास घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. टाकीत निव्वळ प्राणवायू असतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. नवशिक्याच्या टाकीत आपल्या भोवतालची साधी हवाच सुमारे 200 पट दाबून भरलेली असते. एवढ्या दाबाची हवा माणसास हवी तेव्हा आणि हवी तेवढीच मिळावी, यासाठी 1943 साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमील गान्यां या दोघांनी एक कळ सिद्ध केली. तिच्यामुळे मनुष्य वरच्या जगाशी जोडलेल्या दोरखंडावाचून आणि नळीवाचून पाण्यात मोकळा फिरू लागला.

प्रथम उथळ पाण्यात गुडघे टेकून बसवितात. पाणी छातीएवढेच असते. उभे राहिले की डोके वर. तरीही चेहरा पाण्याखाली जाताच या पोक्त विद्यार्थ्याची छाती धडधडू लागते. साठ वर्षांचा अनुभव सांगत असतो, की पाण्याखाली श्वास घ्यावयाचा नाही. तो दम कोंडून धरतो, डोळे विस्फारतो आणि ताडकन् उभा राहतो. शिकविणारा असतो पंचविशीतला तरुण. तो हसत नाही. "काका, घाई नको. श्वास चालू ठेवा. पुन्हा बसू या," एवढेच तो म्हणतो. काका पुन्हा बसतात, पुन्हा उठतात. पाचव्या किंवा सहाव्या खेपेस बुडबुड्यांचा आवाज एका लयीत येऊ लागतो. ज्याने जन्मभर श्वास घेतला, तो आता श्वास घेण्यास शिकलेला असतो.

दम कोंडून धरू नये, हा केवळ शिस्तीचा नियम नव्हे. त्यावर प्राण अवलंबून असतात. पाण्यात 10 मीटर खोल गेले, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. वरून नेलेला फुगा तेथे आकसून निम्मा होतो. उलट, तेथे भरलेला फुगा वर आणला, तर तो फुगून दुप्पट होऊ पाहतो. माणसाचे फुप्फुस हाही एक फुगाच. खाली भरून घेतलेला श्वास कोंडून जो घाबऱ्या घाबऱ्या वर धाव घेईल, त्याच्या फुप्फुसास इजा होऊन जिवावर बेतू शकते. उथळ तलावात उभे राहून सुटका करून घेता येते. समुद्रात ती सोय नाही. तेथे भीती वाटली, तरी जागच्या जागी थांबून, श्वास सोडीत, विचार करावा लागतो. तलावातील एवढ्या साऱ्या सरावाचे कारण हेच.

याखेरीज जुन्या सवयी तर पावलोपावली आड येतात. वर जगात अंगठा उंचावला, की 'छान चालले आहे' असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे. 'सारे ठीक आहे' हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करावे लागते. कचेरीत ज्यांनी वर्षानुवर्षे हुकूम सोडले, त्यांना येथे तोंडाने अक्षरही काढता येत नाही. हातपाय जोराने मारले, तर मनुष्य पुढे जाण्याऐवजी दमतो आणि टाकीतील हवा लवकर संपते. सावकाश श्वास घेतला, की शरीर किंचित वर उचलले जाते. सोडला, की अलगद खाली येते. गाडीत शिरताना जे बळ उपयोगी पडले, ते येथे कुचकामी ठरते. येथे श्वास हेच सुकाणू.

अखेर समुद्रात उतरण्याचा दिवस येतो. खाली जाताना कान दडपू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली, की ते मोकळे होतात. खोलीबरोबर रंग मावळत जातात, आणि त्यांत तांबडा रंग सर्वांआधी नाहीसा होतो. मालवणच्या या समुद्राचा काही भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. येथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. ते दगडासारखे दिसले, तरी सूक्ष्म जीवांनी बांधलेली घरे आहेत. म्हणून त्यांस हात लावावयाचा नाही. रंगीत माशांचा थवा जवळून जातो. पाहुण्याने स्तब्ध राहावे, एवढीच तेथील रीत.

परततानाही घाई चालत नाही. आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जाऊ नये, इतक्या संथपणे वर यावयाचे. आणि पृष्ठभाग 5 मीटरांवर दिसत असताना 3 मिनिटे तेथेच थांबावयाचे. दाबामुळे रक्तात मुरलेला नायट्रोजन वायू हळूहळू बाहेर पडावा, यासाठी हा थांबा असतो. स्थानक येण्यापूर्वीच दाराशी जाऊन उभे राहणारा मनुष्य, मुक्काम डोळ्यांसमोर दिसत असताना, निवांत तरंगत राहतो. पस्तीस वर्षांत जी गोष्ट कधी साधली नाही, ती त्या तीन मिनिटांत साधते.

लहान मुलाला चुकण्याची लाज नसते. त्याचे सारे आयुष्यच शिकण्याचे असते. मोठ्या माणसास मात्र नवे शिकण्यापूर्वी 'मला सर्व येते' हे ओझे उतरून ठेवावे लागते. पाठीवरच्या टाकीपेक्षाही ते जड असते. ते उतरण्यास त्या तरुण शिक्षकाच्या न हसण्याने जेवढी मदत होते, तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही. पुष्कळ घरांत आज आजी-आजोबा नातवंडांकडून काही ना काही शिकत असतात : कोणी मोबाइलवर पत्र लिहिण्यास, कोणी सायकल चालविण्यास. त्यांचा हात अडखळतो, तेच ते पुन्हा विचारले जाते. त्या वेळी शिकविणाऱ्याचे वय बारा वर्षांचे असले, तरी त्याच्या हाती फार मोठी गोष्ट असते. "पुन्हा करू या," असे त्याने म्हटले, तर समोरचा विद्यार्थी कितीही खोल पाण्यात उतरण्यास तयार होतो.