सेल्फ खोलण्याआधी

चि. बाळास,


काल फोनवर म्हणालास, "मामा, सेल्फ गेला, नवा टाकतोय." हमालांच्या गलक्यात धड बोलता आलं नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलो. गाडी तू कर्ज काढून घेतली आहेस, तेव्हा पाना हातात घेण्याआधी एवढं वाच.

किल्ली फिरवल्यावर सेल्फचा, म्हणजे स्टार्टर मोटरचा, आवाज कसा येतो, ते आधी ऐक. लागोपाठ टकटकटक होत असेल तर बहुतेक बॅटऱ्या उतरल्या आहेत. मोटर नुसतीच घूं करून फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या बेंडिक्सचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांना धरत नाही. एकदाच 'टक्' होऊन सगळं गप्प झालं, तर तो आवाज फसवा. सॉलेनॉइडचे पॉइंट जळलेले असतील, कार्बन ब्रश संपले असतील, किंवा सेल्फ धडधाकट असेल आणि त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसेल.

मी यातच एकदा फसलो. पिंपळगावला कांदा भरून गाडी उभी, पाऊस अंगावर, आणि किल्ली फिरवली की एकच टक्. सेल्फ बदलला. पुन्हा टक्. शेवटी इंजिन आणि चासीच्या मधली अर्थची पट्टी ओढून पाहिली, तर विणलेली तांब्याची तार नटापाशी हिरवी पडून निम्म्याहून जास्त तुटलेली. वरून काळं ग्रीस बसलेलं, त्यामुळे दिसतच नव्हती. एका पट्टीपायी मी चांगला सेल्फ उतरवला होता आणि नव्याचे पैसे मोजले होते. त्या रात्रीचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून मीटर लाव. दोन्ही बॅटऱ्या जोडून 24 व्होल्टची गाडी; पूर्ण चार्ज असताना 25 च्या वर दिसायला हवं. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि तेव्हाच बघ. 19 च्या खाली कोसळलं तर आधी बॅटऱ्या तपासून घे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर धरून पुन्हा सेल्फ मार. अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठीक. दोन दिसले तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्हची जाड केबलही अशीच बघ. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तिथे जरासा गंजही भारी पडतो. सेल्फ मारून झाल्यावर टर्मिनलला हात लावून बघ. जिथे चटका बसेल तिथे सांधा ढिला. करंट एवढा का बघायचा, तर डिझेलला स्पार्क नाही, हवा दाबून तापते तेव्हा ते पेटतं. इंजिन रेंगाळत फिरलं तर ती ऊब भिंतींतच जिरते आणि नुसता धूर येतो.

एवढं करूनही दोष सेल्फचाच निघाला तर बदल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ओंडका. बॅटरीची अर्थ आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. पॉझिटिव्ह खोलताना पाना चासीला टेकला तर ठिणग्या उडतात, पाना चिकटतोसुद्धा. सेल्फ जड असतो. शेवटचा बोल्ट काढताना खालून दुसऱ्याचा हात हवाच. नवा आणलास की जुन्याशेजारी ठेवून पिनियनचे दाते मोज आणि फिरण्याची दिशा बघ. बसायची जागा वायरब्रशने पांढरी होईपर्यंत घास, कारण सेल्फला अर्थ तिथूनच मिळते.

आणि सेल्फ काढलेल्या भोकातून फ्लायव्हीलचा रिंग गिअर नक्की बघ. तुझं इंजिन सहा सिलेंडरचं, ते बंद होताना बहुतेक वेळा त्याच तीन ठिकाणी थांबतं, त्यामुळे दाते तिथेच झिजतात. क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण फेरा फिरव, टॉर्च धर. दात्यांची तोंडं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली तर नवा पिनियनही चार महिन्यांत तसाच होईल. मग गिअरबॉक्स उतरवायचं मोठं काम आहे. ते रस्त्याकडेला करायचं नाही, इकडे ये.

नवा सेल्फ बसल्यावरही एका वेळी 15 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नकोस, मध्ये दोन मिनिटं जाऊ दे. जुना सेल्फ भंगारात देऊ नकोस. पुढच्या फेरीला घेऊन ये, कार्बन आणि बुश टाकून बाकावर फिरवून बघू. तुझी मामी भाकरी बांधून ठेवील.

तुझा,
मामा