संगणकातली मराठी गेली कुठे?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुन्या संगणकांवर विंडोज ११ चढवून घ्यायची घाई सुरू झाली. आमच्या शाळेतला संगणकही कॉम्प्युटरवाल्या दादांकडे जाऊन आला. चालू केला तर सगळं झकास, वेगही वाढलेला. फक्त खाली घड्याळाशेजारी भाषा बदलायची खूण होती, ती नाही. भाषांच्या यादीत एकटी इंग्रजी.

अशा वेळी आपण काय करतो? 'चालवून घेतो.' कुणी रोमन अक्षरांत मराठी लिहितं, कुणी जी देवनागरी मिळेल ती घेतं. आमच्याकडे हिंदी फोनेटिक सुरू करून चौथीच्या मुलांची यादी झाली. यादी भिंतीवर लागली आणि एक मुलगी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "बाई, हे माझं नाव नाहीये." तिचं आडनाव काळे, यादीत होतं काले. पुढे पाहिलं तर कांबळेचं कांबले आणि गवळीचं गवली झालेलं. हिंदीच्या सुचवण्यांत ळ येतच नव्हता. पहिलीपासून आपण ज्या मुलांना ळ गिरवायला लावला, त्यांचाच ळ शाळेच्या कागदावरून गेला. हीच आडनावं उद्या निकालपत्रावर आणि दाखल्यावर अशीच गेली, तर दुरुस्तीसाठी पालकांना हेलपाटे घालावे लागतील.

म्हणून हा विषय फक्त तंत्रज्ञांचा नाही, आपलाही आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. 'मराठी गेली' असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, टाइप करायचा कीबोर्ड. दुसरी, संगणकाचे मेनू ज्या भाषेत दिसतात ती भाषा. तिसरी, फॉन्ट. नेमकं काय गेलंय ते ओळखलं की अर्धं काम झालं.

साधं अपग्रेड केलं तर भाषा सहसा टिकते. पण डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं, तर बसवताना जी भाषा निवडली तेवढीच राहते. मराठी नष्ट झालेली नसते, फक्त यादीत घ्यायची राहिलेली असते.

आता क्रमाने करून बघा. इंटरनेट जोडा. सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन उघडा. 'ॲड अ लँग्वेज' दाबून मराठी शोधा आणि इन्स्टॉल करा. नंतर यादीतल्या मराठीसमोरच्या तीन टिंबांवर जाऊन लँग्वेज ऑप्शन्समध्ये कीबोर्ड जोडा. मराठी फोनेटिक हवा असेल तर तो इथेच मिळतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

काही लॅपटॉपवर 'तुमच्या परवान्यात एकच डिस्प्ले भाषा चालते' अशा अर्थाची सूचना येते. घाबरू नका. विंडोजची 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असली की असं होतं. ती अट मेनूंच्या भाषेपुरती आहे. मराठी कीबोर्ड तिथेही जोडता येतो.

आता फॉन्ट. जुनी प्रश्नपत्रिका उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडली असं समजून ती पुसू नका. ती शिवाजी, किरण किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असणार. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट परत टाकला की मजकूर परत दिसतो. युनिकोडमधली फाइल मात्र नीट वाचता येते, पण मंगल फॉन्ट नसेल तर पानं पुढेमागे सरकतात. विंडोज १० पासून मंगल हा पूरक फॉन्टांत गेलाय, मराठी भाषा जोडली की तोही येतो.

सगळं झाल्यावर तपासायचं कसं? मी आपल्याच परिसरावरून एक ओळ केली आहे:

'अंबरनाथला ॲपवर तिकीट काढले. उल्हास नदीच्या किनाऱ्यावर बदलापूर, शेजारी कुळगाव.'

ही ओळ नीट उमटली तर अनुस्वार, ॲ, ल्ह, ऱ्य आणि ळ सगळे जागेवर आहेत असं समजा. यातला ऱ्य नीट बघा. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, अर्थच बदलतो! आणि ॲ हा मराठीचा ॲ हवा, ऍ नको. युनिकोडमध्ये ॲ ला स्वतःची जागा २००८ साली मिळाली.

मुलांना शिकवायचं असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड सोपा पडतो, कारण त्यात जोड्या आहेत. ज्या कळीवर ल, तिच्यावरच शिफ्टसह ळ. ज्या कळीवर र, तिच्यावरच शिफ्टसह ऱ. मुलांना हे खेळासारखं वाटतं.

आपल्या उल्हासनगरात तर ही गोष्ट आणखी पटावी. इथल्या सिंधी कुटुंबांची भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते, तशी देवनागरीतही. श्वास आत ओढून उच्चारायच्या चार ध्वनींसाठी सिंधीच्या देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये ती २००६ साली आली. लिपी एक असली तरी प्रत्येक भाषेची अक्षरं वेगळी. सिंधी आजीला ॿ हवा, तसा आपल्या काळे-कांबळेंना ळ हवा. 'देवनागरी आहे ना, मग झालं' असं म्हणून भागत नाही.

पालकहो, मोबाइलवरही हेच. फोन बदलला किंवा रिसेट केला की जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांत जाऊन मराठी पुन्हा घ्या. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलता येते.

शेवटी एक छोटं काम. संगणक दुरुस्तीला देण्याआधी जुने फॉन्ट पेनड्राइव्हवर काढून ठेवा आणि सोबत चिठ्ठी द्या: 'मराठी कीबोर्ड हवा.' परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून वरची ओळ टाइप करून बघा. कुळगावचा ळ दिसला की मगच संगणक घरी आणा.