कडू खाल्लं म्हणून गोड वजा होत नाही

कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. जित्याची खोड जात नाही, एवढा अर्थ सांगून पुढच्या म्हणीकडे वळायचो. हल्ली याच कारल्याकडे लोक औषध म्हणून बघतात. त्याची गंमत वाटते, आणि थोडी भीतीही.

आमचा मुलूख उसाचा. बारामतीहून इंदापूरला एसटीनं निघालं की भवानीनगरला कारखाना लागतो. हंगामात मळीचा वास थेट खिडकीतून आत येतो. चार घरी गेलात तर चार कप गोड चहा होतो, आणि नको म्हटलं तर यजमान रुसतो. अशा मुलखात सकाळी फिरायला येणाऱ्यांत निम्म्यांच्या तोंडी एकच विषय, साखर किती? त्यावर ठरलेला सल्ला, "उपाशीपोटी कारल्याचा रस घ्या, गोळ्या सुटतील."

इंदापूरच्या आमच्या दाजींनी हा सल्ला मनावर घेतला. रोज पेलाभर रस, आणि गोळ्या बंद. मला म्हणाले, "गुरुजी, एवढं कडू पितोय, साखर राहील कुठं?" तीन महिन्यांनी पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती दुखलीच नाही, म्हणून कुणी बघितली नाही. डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर तपासली, ती तीनशेच्या वर. अंगठा वाचला, पण थोडक्यात. बहिणीचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

मग मी जरा वाचन केलं. कारल्यात काहीच नाही असं नव्हे. त्यात चॅरँटिन नावाचं द्रव्य आहे, इन्सुलिनसारखं काम करणारं एक प्रथिनही सापडलं आहे. थायलंडमध्ये झालेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यात रोज २ ग्रॅम वाळलेलं कारलं दिल्यावर थोडा उतार दिसला, पण १ ग्रॅम मेटफॉर्मिनच्या मानानं कमीच. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेनं ४ चाचण्या, ४७९ माणसं, असा सगळा हिशेब एकत्र मांडला. निष्कर्ष असा, की मधुमेहावर कारलं द्या असं सांगण्याइतका पुरावा नाही. उलट काही गोळ्यांबरोबर भरपूर रस घेतला तर साखर एकदम खाली जाऊन माणूस घामाघूम होतो, चक्कर येते. गरोदर बाईनं तर रसाच्या वाटेला जाऊच नये.

आणि दुखणं काही फक्त चहातल्या साखरेचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. पण आपल्या हडकुळ्या बाळाच्या अंगात वजनाच्या मानानं चरबी जास्त. म्हणजे मधुमेहाची तयारी आईच्या पोटातच सुरू होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. एवढं मोठं ओझं एका वेलाच्या फळावर टाकायचं?

मला वाटतं, आपल्याला कडू औषध आवडतं ते प्रायश्चित्त म्हणून. तोंड वाकडं करून पेला संपवला की दिवसभराच्या पेढ्या-जिलेबीची मोकळीक मिळाल्यासारखं वाटतं. शरीर असा जमाखर्च ठेवत नाही.

असो. कारल्याशी माझं वैर नाही. मीठ लावून, पिळून, शेंगदाण्याचा कूट भरून केलेली कारली मला फार आवडतात. गूळ मात्र बेतानं. मंडळी, कारलं ताटात राहू द्या, गोळी वेळेवर घ्या. आणि रात्री झोपताना पायाचे तळवे एकदा नीट बघा. दिसत नसेल तर नातवंडाला बघायला सांगा.