शीत आणि भात

भाताची परीक्षा शितावरून करावी, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आमच्या धानोऱ्याच्या आसमंतात तर भातच पिकतो आणि भातच खाल्ला जातो. त्यामुळे येथे ही नुसती म्हण राहत नाही, ती नित्याची रीत होऊन बसते. आमच्या घरी सौभाग्यवती रोज पातेल्यातील एक शीत काढून बोटांत चिरडून पाहते, आणि मगच भात उतरवते. हा विधी मी गेली पंचवीस वर्षे पाहत आलो आहे. पण त्यातील तत्त्व माझ्या ध्यानात आले ते गेल्या दोन वर्षांत. त्याची किंमत मात्र मला द्यावी लागली नाही, दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली, ही रुखरुख मनातून अद्याप जात नाही.

आम्ही चारपाच शिक्षक मिळून गरजू विद्यार्थ्यांच्या खोलीभाड्यासाठी व पुस्तकांसाठी एक लहानसा निधी चालवतो. त्याचा सारा कारभार एका वहीत होता. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. तो सुटीत घरी आला असता मी त्याला गळ घातली, की ही वही तू मोबाईलवर आणून दे. तो आनंदाने कबूल झाला. मात्र म्हणाला, ‘‘सर, आधी नुसता अर्जाचा भाग करू. तो दहाबारा मुलांच्या हाती देऊ, काय होते ते पाहू आणि मग पुढे जाऊ.’’ अर्धीमुर्धी वस्तू लोकांपुढे ठेवणे माझ्या वळणात बसणारे नव्हते. मी त्याला प्राध्यापकी थाटात ऐकवले, ‘‘अरे, ग्रंथ पुरा झाल्यावाचून कोणी छापखान्यात धाडतो का?’’ गुरूचा मान राखून तो गप्प बसला. पुढे वर्षभर रात्री जागून त्याने सारे पुरे केले, आणि जुलैत आम्ही नारळ फोडून ते सर्वांसाठी एकदम खुले केले. जुनी वही त्याच दिवशी कपाटात गेली.

अर्जात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन घरे होती. मुरूमगावच्या बाजूकडील एका खेड्यातून आलेल्या मुलीच्या कागदपत्रांवर नावाचे दोनच शब्द होते. तिने तिसरे घर रिकामे ठेवले. यंत्राने तिला ‘अर्ज मिळाला’ असे सांगितले खरे, परंतु यादी करताना रिकामे घर असलेले अर्ज ते निमूटपणे गाळीत गेले. आम्ही यादीवर विसंबून पैसे वाटले. भाडे थकले तेव्हा ती मुलगी दिवाळीपूर्वीच गावी परतली. तिने तक्रार केली नाही. आम्ही विचार करूनच तिला नाकारले असावे, असे तिने गृहीत धरले होते! मला हे कळले ते नोव्हेंबरात, तिच्या मैत्रिणीकडून.

मी त्याच रात्री पुण्याला फोन केला. दोष सापडण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. मी विचारले, ‘‘ही चूक झाली केव्हा?’’ तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘पहिल्याच आठवड्यात, सर.’’ म्हणजे ती चूक वर्षभर तेथे पडून होती, आणि तिच्यावर आम्ही मजल्यावर मजले चढवीत होतो.

त्यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले, तेव्हा माझ्या अपराधाला मोठीमोठी भावंडे असल्याचे दिसून आले. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले; आधीच्या अग्निबाणातील आज्ञावली नव्या वेगाला पुरते की नाही, हे पुरेसे तपासलेले नव्हते. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या पेढीने आठ संगणकांपैकी सातांवरच नवी आज्ञावली चढवली, आणि सुमारे पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलर गमावले. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी एकाच हंगामात पडद्यावर आणली, तेव्हा निकाल किती लांबले हे वाचकांना आठवत असेल.

यावर त्या व्यवसायातील लोकांनी जो उपाय योजला आहे, तो ऐकायला उफराटा वाटतो. जे काम अवघड जाते ते वारंवार करावे, म्हणजे ते सोपे होते, असे ते म्हणतात. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांनी 2010 साली या रीतीवर ग्रंथच लिहिला. प्रत्येकाने आपले काम रोजच्या रोज मुख्य प्रवाहात मिसळावे. मिसळताच शेकडो चाचण्या आपोआप चालाव्यात. एक जरी फसली तरी आधी ती दुरुस्त करावी, मग पुढे पाऊल टाकावे. बदल लहान असावा, प्रथम थोड्यांच्या हाती जावा, आणि बिघडल्यास तत्काळ मागे घेता यावा. या थोड्यांना ते ‘कॅनरी’ म्हणतात. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून हे पक्षी नेत असत. आमच्या शेजारच्या चंद्रपूरच्या वाचकांना खाण म्हणजे काय हे सांगावयास नको.

खरे पाहता हा धडा घेण्यासाठी मला इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते. आमच्याच तालुक्यात शोधग्राम आहे. तेथील डॉक्टर अभय व राणी बंग यांनी नवजात बालकांची घरोघरी शुश्रूषा करण्याची पद्धत प्रथम या जिल्ह्यातील 39 गावांत 1995 पासून योजली, आणि तुलनेसाठी 47 गावे वेगळी ठेवली. बालमृत्यू उतरले हे ताडून पाहिल्यावर 1999 साली त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत गेली ती त्यानंतर, 2011 साली. ज्या रस्त्याने मी इतकी वर्षे गडचिरोलीस जातो, त्याच रस्त्यावर हे घडले होते.

तथापि शिताच्या परीक्षेलाही मर्यादा आहे. चाचणी दोष दाखवते, निर्दोषत्वाची हमी देत नाही. शिवाय परीक्षकाला जे सुचते तेवढेच ती विचारते. दोन शब्दांचे नाव पुण्यात बसलेल्या त्याला सुचले नाही, आणि तिशीहून अधिक वर्षे हजेरी घेणाऱ्या मलाही सुचले नाही. म्हणून शीत वरचेच काढून भागत नाही. पळी तळापर्यंत घालावी लागते. पहिल्या दहाबारा जणांत आमच्या अंगणातली मुले घेतली असती, तर दोष तसाच राहिला असता. जे सर्वांत दूर आहेत, त्यांनाच प्रथम विचारावयास हवे होते.

आता आम्ही वही पुन्हा बाहेर काढली आहे. ती यंत्राच्या शेजारीच असते, आणि दोन्ही याद्या दर शनिवारी ताडून पाहिल्या जातात. बदल लहानलहान होतात. सत्राअखेरपर्यंत न थांबता वर्गातही मी दर आठवड्यास एक प्रश्न विचारतो, आणि काय समजले नाही ते पाहून पुढचा तास ठरवतो. इतकी वर्षे मीही माझी शिकवण एकदमच, नारळ फोडून, परीक्षेच्या मंडपात खुली करीत होतो!

ती मुलगी पुढच्या जूनमध्ये परत आली. तिच्या गावी जाऊन मी क्षमा मागितली, तेव्हा तिचे वडील संकोचून गेले. तिचे एक वर्ष गेले ते गेले. ते कोणत्याही दुरुस्तीने परत येणारे नाही. हल्ली अर्जात काही नवे केले की प्रथम तिच्याकडे जाते. परवा तिने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘सर, येथे गावाचे नाव लिहिले, की पुढचे बटन दबत नाही.’’ मी पुण्याला फोन लावला. आत भात शिजत होता.